खोळीवरची खोळ

आमच्या लग्नाला पुरता महिनाही झाला नव्हता, तेव्हा याकोबमामांनी माझ्याकडे टोपरं मागितलं. एक नव्हे, दोन. सकाळची वेळ होती, मी नव्या घरातल्या नव्या चुलीशी भांडत बसले होते, आणि दारात एक उंच, हाडकुळा, पन्नाशी ओलांडलेला माणूस हातात मेण लावलेला दोरा घेऊन उभा राहिला. "बाई, तान्ह्या पोराची दोन टोपरी असतील तर द्या," तो म्हणाला. "लोकरीची. एका मापाची. जुनी असली तरी चालतील." माझे कान तापले. आमच्याकडे तान्हं पोर नाही, असं मी होईल तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मंग विनून द्या. घाई न्हाई, पन उन्हाळ्याच्या आत लागतील."

संध्याकाळी हे कामावरून आले. हे म्हणजे माझा नवरा, भंडारदऱ्याच्या धरणावर ओव्हरसीअर. मी म्हटलं, तुमच्या या वसाहतीत डोकं ठिकाणावर असलेली माणसं किती, ते एकदा सांगून टाका, म्हणजे माहेरी कळवायला बरं. हे हसायला लागले. "अगं, टोपरी पोराला नकोत, लाँचला हवीत," म्हणाले.

तर गोष्ट अशी होती. धरणाच्या पाण्यात एक सरकारी लाँच असायची. साहेब लोक तपासणीला आले की त्यांना पलीकडे रतनवाडीच्या काठाला न्यायचं, एवढंच तिचं काम. याकोबमामा त्या लाँचचे ड्रायव्हर. लाँचच्या पुढच्या काचेला पितळेची चौकट होती आणि चौकटीचे दोन कोपरे टोकदार होते. वरून ताडपत्रीची खोळ घातली आणि वारं सुटलं की खोळ त्या कोपऱ्यांवर घासायची, आणि बघता बघता दोन भोकं. मामांनी कोपऱ्यांना चिंध्या बांधून पाहिल्या, काथ्या गुंडाळून पाहिला, साहेबांचे टाकलेले पायमोजेसुद्धा चढवून पाहिले. सगळ्यांत चांगलं बसतं ते टोपरं, असा त्यांचा निकाल होता, कारण टोपऱ्याला बंद असतात. आमच्या आधीच्या ओव्हरसीअरला एकापाठोपाठ एक लेकरं झाली, तोवर टोपऱ्यांची ददात नव्हती. त्यांची बदली झाली आणि आम्ही आलो, म्हणजे मामांच्या दृष्टीने मोठीच अडचण झाली.

मी टोपरी विणली. न विणून सांगते कुणाला, माणूस रोज सकाळी दारात हजर. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, लोकर मिळायची मारामार, तरी नगरहून मागवली. पहिलं टोपरं मामा घेऊन गेले ते थोड्या वेळात परत आणलं. "डाव्याला सैल होतंय, बाई. डावा कोपरा जरा बारीक हाय." मी ते उसवून पुन्हा विणलं. मग एकदा मी लाँच बांधायच्या घाटावर गेले तर त्यांनी खोळ बाजूला सारून मला दाखवलं: चौकटीच्या दोन कोपऱ्यांवर दोन निळी टोपरी, हनुवटीखाली बांधावेत तसे बंद बांधलेले. वसाहतीतल्या बायकांनी मात्र माझ्या हातातली निळी लोकर तेवढी पाहिली होती. त्या वर्षभर माझ्याशी पोटाकडे बघून बोलायच्या.

मामा मूळचे घोडेगावच्या बाजूचे. त्या भागात पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागतं, तिथला माणूस लाँच चालवायला शिकला कुठे? तर इराकातल्या बसऱ्याला. पहिल्या लढाईत मजूर म्हणून भरती होऊन गेले आणि तिथल्या नदीत गोऱ्यांच्या लाँचींवर आधी पुसायच्या आणि मग चालवायच्या कामाला लागले. बसऱ्याहून परत आले तेव्हा गावात साथ येऊन गेली होती. घरात बायको, आई, लेक, कुणी उरलं नव्हतं. हे मला यांनी सांगितलं. मामा स्वतः बसऱ्याबद्दल बोलायचे ते फक्त तिथल्या उन्हाबद्दल.

"लोक म्हनत्यात ऊन जाळतं," ते म्हणायचे. "जाळत न्हाई, बाई. ऊन म्हंजे उंदीर. कुरतडतं. आज धागा, उद्या शिवन, परवा समदी ताडपत्री. आवाज करत न्हाई, म्हनून मानसाला कळत न्हाई." काचेबद्दल तर त्यांचा जीव फारच टांगणीला. ती काच साधी नव्हती. दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आणि मधे एक पातळ पापुद्रा, म्हणजे काच फुटली तरी तुकडे उडू नयेत. त्या पापुद्र्याला ऊन लागलं की तो आधी पिवळा आणि मग दुधी होतो आणि पलीकडचं दिसेनासं होतं, हे त्यांनी बसऱ्याला आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून आधी काचेला जुन्या धोतराचा पदर, मग टोपरी, मग ताडपत्रीची खोळ. पण ताडपत्रीलाही ऊन लागतंच की. म्हणून त्या खोळीवर गोणपाटाची दुसरी खोळ. आणि गोणपाट विरू नये म्हणून त्याच्यावर पेंढा. हे एकदा थट्टेने म्हणाले, "मामा, वरच्या पेंढ्याला ऊन लागतंय बघा." मामांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "त्याचाच इचार करतोय, सायेब."

काच धुवायची असली की हे सगळं काढावं लागे, आणि तेवढ्या वेळात काच उघडी पडे. त्यावर मामांनी एक तोड काढली होती, ती मला फार उशिरा कळली. घाटावर कुणी भेटायला आलं की मामा बोलता बोलता त्या माणसाला हळूहळू सरकवायचे. "जरा हिकडं या, तिथं शेवाळ हाय." "आता असं फिरा, वारं लागंल." शेवटी माणूस अशा जागी येऊन उभा राहायचा की त्याची सावली बरोबर काचेवर पडेल. मग मामा निवांत काच धुवायला लागत. आधी नुसतं पाणी ओतायचं, मग तळहाताने हळू चोळायचं, कोरडं फडकं जन्मात लावायचं नाही, धुळीचे ओरखडे पडतात. आमचे स्टोअरकीपर देहाने चांगलेच भरलेले होते. त्यांच्यावर मामांचं फार प्रेम. ते दिसले की मामा लांबून हाक मारायचे, त्यांच्या मुलीच्या सासरची चौकशी करायचे, त्यांच्या मूळव्याधीची हकिगत मन लावून ऐकायचे. मी त्या वेळी काडीसारखी होते. माझ्याशी बोलणं दोन वाक्यांत संपायचं. मला त्याचा रागही यायचा, आता सांगायला काय जातंय.

लढाईमुळे पेट्रोल मोजून मापून मिळे, त्यामुळे लाँच क्वचितच निघायची. निघायची ठरली की तो एक सोहळाच. साहेब घाटावर येऊन उभे आणि मामा गाठी सोडतायत. गाठ कापायची नाही, दोरी दुखते. पेंढा उतरवून नीट रचून ठेवायचा, गोणपाट झटकायचं, त्याची घडी. ताडपत्रीची घडी वेगळी, शिवण कधी आत दुमडायची नाही, तिला हवा लागली पाहिजे. एका साहेबांचे घाटावर उभ्याउभ्या दोन चहा झाले आणि ऊन कलून गेलं. ते म्हणाले, राहू दे, आपण काठाकाठाने चालतच जाऊ. मामांनी लगेच ताडपत्री उलगडायला घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी नंतर कधी पाहिला नाही.

वसाहतीत ख्रिस्ती घरं दोनच, आमचं आणि मामांचं, आणि मामांचं म्हणजे एकट्या माणसाची एक खोली. चर्च जवळपास नाही, म्हणून रविवारी सकाळी आम्ही घरीच प्रार्थना करायचो. मामा धुतलेला सदरा घालून यायचे, दाराशी बसायचे, गाण्यात आमच्या दोन शब्द मागून यायचे. मी लग्नाआधी नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'बाई' केलं होतं. "बाई, गळा चांगला हाय तुमचा," एवढं बोलायचे, आणि मी चहा टाकला की उठायचे. "खोळ बगून येतो." गेले की परत यायचे नाहीत. चहा निवून जायचा. सगळी वसाहत म्हणायची, याकोबाचा संसार पाण्यात आहे, त्याला घरची कसली ओढ. मीही तेच म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी नाताळाला मात्र त्यांनी आपणहून रजा मागितली. नगरला जातो म्हणाले, सण तिकडं करतो. आम्हा दोघांना फार बरं वाटलं. यांनी खोळीकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं, तरी मामा जाता जाता तीन वेळा मागे फिरले. कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने गेले आणि तिसऱ्याच दिवशी परत आले. माझ्यासाठी पेपरमिंटची पुडी आणली होती. "झ्याक झाला सन," म्हणाले आणि घाटावर निघून गेले. मी म्हटलं, एवढ्या लांब जाऊन तिसऱ्या दिवशी परत, धन्य आहे त्या लाँचची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काच बिघडली. म्हणजे मामा म्हणाले, बिघडली. रोज दोनदा धुवायला लागले, चिंचेच्या पाण्याने पुसून पाहिली, सोड्याने पाहिली. यांच्या मागे लकडा लावला, नवी काच मागवा. यांनी जाऊन पाहिलं तर काच आरशासारखी लख्ख. "मामा, काही नाही हो काचेला," हे म्हणाले. मामा म्हणाले, "तुमी दुपारचं बगितलं आसंल."

मग त्यांनी मला बोलावलं, बहुधा बायकांची नजर बारीक असते म्हणून. पाय धुवायला लावून लाँचमध्ये बसवलं. मी काचेतून पाहिलं. रतनगड स्वच्छ दिसत होता. पलीकडच्या काठावर कुणी म्हैस धूत होतं, तिची शिंगंसुद्धा दिसत होती. "धुकं दिसतंय ना?" मामांनी विचारलं. वैशाखातली सकाळ, धुकं कुठलं? मी म्हटलं, "मामा, जरा उभे राहा आणि काचेच्या वरून बघा बरं." ते उठले, मान उंच करून बराच वेळ बघत राहिले. "वरनंबी तसंच हाय," म्हणाले. "काचेनं हवाबी नासवली, बाई."

मी वळून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांच्या मधोमध पांढुरका डाग. माझ्या आत्याला मोतीबिंदू झाला होता, मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. "मामा, काच चांगली आहे," मी म्हणाले. ते टोपरी चढवायला लागले. बंद बांधताना बोटांनी चाचपत होते, आणि इतके दिवस मी ते पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ड्रायव्हरला दिसत नाही म्हटल्यावर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर ती एक खोलीही. जायचं कुठे? घोडेगावात कुणी नाही. आम्ही दोघं ठरवत होतो काय करावं, तेवढ्यात मोठे साहेब कळवल्याशिवाय येऊन धडकले, पत्नीला घेऊन. बाईंना पाण्यात फिरायचं होतं. यांचा चेहरा उतरला. साहेबांच्या पत्नीला सोबतीला बाईमाणूस हवं होतं, त्या मला म्हणाल्या, तुम्हीही चला ना. मी एका पायावर तयार झाले आणि मागे बसले की मला मळमळतं, असं सांगून पुढे मामांच्या शेजारी जाऊन बसले.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की खडक वर येतात. मी तोंडाची टकळी सुरू केली. "मामा, उजवीकडचा तो खडक काय काळाभोर आहे नाही?" मामांनी चाक डावीकडे वळवलं. "व्हय बाई, लई काळा." "आणि आता डावीकडे ते वठलेलं झाड, अगदी जवळ, किती सुंदर." "सुंदर हाय, बाई." साहेबांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "तुम्हाला निसर्गाची फारच आवड दिसते." मी म्हटलं, "हो, लहानपणापासून." मामांच्या कपाळावरून घाम निथळत होता. जाताना ठीक झालं. येताना ऊन समोरून आलं आणि मीच दिपले. समोर एक ठाकर तराफ्यावर जाळं टाकत बसला होता, तो मला दिसला तेव्हा अगदी पुढ्यात आला होता. निसर्गाचं कौतुक करायला वेळच नव्हता. मी ओरडले, "मामा, माणूस." मामांनी चाक असं फिरवलं की साहेब त्यांच्या पत्नीच्या अंगावर गेले. तराफा हातभरावरून गेला. तो ठाकर तराफ्यावर उभा राहून शिव्या देत होता.

"डोळे फुटले काय रे?" साहेब म्हणाले.

"ऊन आलं डोळ्यांवर, सायेब," मामा म्हणाले.

घाटावर उतरल्यावर साहेबांनी यांना बाजूला घेतलं. पुढच्या तपासणीला पुन्हा असं झालं तर दुसरा ड्रायव्हर बघू, म्हणाले. मोटार गेली. मामा खाली बसून ताडपत्री पसरत होते. मी तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, "मामा, नगरला चला. मिशनच्या दवाखान्यात डोळे करून घ्या. डॉक्टर चांगले आहेत, माझ्या आत्याचे केले." मामा म्हणाले, "खोळ कोन बगंल?" हे म्हणाले, मी बघतो. मामांनी यांना तिथल्या तिथे गाठ मारायला लावली. ती सोडली. पुन्हा मारायला लावली, पुन्हा सोडली. यांनी कॉलेजात परीक्षा दिल्या त्याही इतक्या घाम फुटून दिल्या नसतील. शेवटी गाठ पसंत पडली, तर मामा म्हणाले, पावसाळा होऊन जाऊ द्या, लाँच शेडात चढली म्हंजे बगू.

माझा स्वभाव तापट, आणि त्या दिवशी मी आधीच घाबरून गेलेली. मी म्हटलं, "पुरे झालं तुमचं खोळीचं. आज तो माणूस मेला असता. तुम्हाला चिरफाडीची भीती वाटते, हे सरळ सांगा ना."

मामा दोरी हातात धरून बसले. मग म्हणाले, "भ्या न्हाई, बाई. मी गेल्तो की."

"कुठे?"

"दवाखान्यात. नाताळात. म्हटलं सनाचं समदी मानसं घरी आस्त्यात, गर्दी नसंल. डाक्टरनं बगितलं. म्हनला, करून टाकू. पन दोन्ही डोळ्यांला पट्टी ऱ्हाईल, मान हलवायची न्हाई, उठायचं न्हाई. भरवायला, जवळ बसायला कुनीतरी लागंल. सोबत कोन हाय?"

हे हातातलं काम सोडून खाली बसले. मी विचारलं, "मग?"

"मंग म्हटलं, येतंय मागनं."

"कोण येत होतं?"

"कोन येनार?" मामा म्हणाले. "त्यो इचारत हुता, अन् बाकीची मानसं ऐकत हुती. कुनाला पोरगा, कुनाला सून, समद्यांसंगं कोनतरी हुतं. कोन न्हाई, असं सांगवंना. म्हटलं येतंय, अन् भाईर पडवीत बाकावर बसलो. दुपारी सिस्टर आली, म्हनली, आलं का तुमचं मानूस? म्हटलं, मोटार चुकली आसंल. मंग रस्त्याकडं बगत बसलो. थोडा येळ मलाबी वाटाया लागलं, बाई, की येतंय खरंच कोनतरी. दिवस कलला तवा उठलो. तुमच्यासाठी पेपरमिंट घेतलं."

इतकी वर्षं त्यांनी सगळ्या जगाला लाँचचं कारण सांगितलं आणि जगाने ते हसत हसत मानलं. काच बिघडली म्हणत होते तेही डोळ्यांचं माहीत असूनच. आमच्याकडचा चहा टाकून उठायचे तेही त्याचसाठी, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्याच्या घरी चहा प्यायला बसलं की घरी कोण कोण असतं ही चौकशी होते. यांनी उरलेल्या गाठी मारल्या, त्यांतली एक चुकीची होती. मामांनी ती सोडायला लावली नाही.

माझं माहेर नगरचंच. त्याच महिन्यात मी माहेरी निघाले आणि मामांना बरोबर नेलं. डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, दिवसा मी, रात्री माझे वडील. पुढचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. उजवा डोळा चांगला झाला. डावा पुढच्या थंडीत केला. जाड भिंगांचा चष्मा लागला आणि मोठ्या साहेबांना मामांनी पुन्हा पाण्यातून फिरवून आणलं, मी शेजारी नसताना. नोकरी राहिली, खोली राहिली. पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या दिवसांबद्दल.

मामा पाठीवर पडून. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, मान वळवायची नाही. मी घरून पेज करून आणायची आणि चमच्याने भरवायची. मला वाटलं होतं, आता दिवसभर लाँचचं पुराण ऐकावं लागणार. मी उत्तरं तयार करून गेले होते. यांनी मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर निरोपही पाठवला होता, दोन्ही खोळी घट्ट आहेत, काळजी नसावी. मी तो सांगितला. मामा म्हणाले, "बरं," आणि विचारलं, "तुमी जेवला का?" लाँचचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. ना खोळीचं, ना काचेचं.

विचारायचे ते एवढंच. "बाई, हायेत का?" मी म्हणायची, आहे. थोडा वेळ जायचा. मी विणायला घेतलेलं असायचं, नाहीतर डुलकी लागलेली असायची. पुन्हा, "हायेत का?" आहे, मामा. एकदा मी वैतागून म्हटलं, मी कुठे जाणार आहे? तर म्हणाले, "न्हाई, सज इचारलं." आणि थोड्या वेळाने परत.

एका दुपारी त्यांचा डोळा लागला असं वाटलं, म्हणून मी पेजेचं भांडं विसळायला मागच्या नळावर गेले. तिथे माझ्या वर्गातली एक मैत्रीण भेटली, ती आता तिथेच नर्स होती. जुन्या गप्पा निघाल्या आणि बोलता बोलता जरा वेळच लागला. परत आले तर दाराशीच मला ऐकू आलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, त्याच्याही एका डोळ्याला पट्टी होती, मामांना सांगत होता, "आवो, गेल्या तुमच्या बाई. कवाच्या गेल्या. कशाला हाका मारताय?"

मामांचा एक हात खाटेबाहेर आला होता. मान तशीच सरळ ठेवून त्यांनी तो हात चाचपत चाचपत माझ्या स्टुलापर्यंत नेला होता आणि तळवा स्टुलावर ठेवून पडले होते.

"न्हाई," ते त्या म्हाताऱ्याला म्हणाले. "आत्ताच उठल्यात. हितं ऊब हाय अजून."

मला रडू आवरेना. मी भांडं दाराशीच ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि पाय न वाजवता आत गेले. स्टुलावर त्यांचा हात होता, तो मला काढवेना. मी खाटेला टेकून खाली फरशीवर बसले आणि म्हटलं, "आहे, मामा."